देखणे बदक, बुडालेला धंदा

(जिल्हा मेळाव्यातील जनावरे आणि बियाणे या विषयावरच्या सत्रात केलेले भाषण. बोलणे जसे झाले तसेच ठेवले आहे. मधली प्रश्नोत्तरे तेवढी गाळली आहेत.)



आज आम्ही बदकावर बोलणार आहोत. हसा, खुशाल हसा. कपाशी आणि ज्वारीचा मुलूख, प्यायच्या पाण्याला टँकरची वाट पाहणारी गावे, आणि इथे येऊन हा माणूस बदकाची गोष्ट सांगतो! आमच्या एका कार्यकर्त्याने तर काल विचारले, "बदकाला पोहायला तळे कुठून आणायचे?" बदके पाळा असे सांगायला आम्ही आलेलो नाही. बदके पाळायची ती केरळच्या कुट्टनाडमध्ये, बंगालात, आसामात. पण एका बदकाची दीडशे वर्षांची हकिकत आम्ही वाचली आणि तीत आपलाच बैल, आपलीच शेळी, आपलेच बियाणे दिसायला लागले. म्हणून ती तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात मात्र आमच्याच एका फजितीने करतो.

आम्ही कृषी पदवी घेतली आणि नोकरीला लागलो, तेव्हाची गोष्ट. एका जत्रेत जनावरांचे प्रदर्शन होते. परीक्षकांच्या मदतीला आम्हाला बसवले. हातात छापील तक्ता. शिंगांना इतके गुण, कपाळाला इतके, वशिंडाला इतके, मानेखालच्या पोळीला, रंगाला, खुरांना, चालीला इतके. आम्ही मोठ्या ऐटीत बेरजा मारत होतो. एक देवणी वळू पहिला आला. जनावर खरोखर देखणे होते. फेटा बांधला, गुलाल उधळला, ढोल वाजले. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "साहेब, याची माय किती दूध देत होती?"

आम्ही मालकाकडे पाहिले. मालकाने आमच्याकडे पाहिले. तक्त्यात तो रकानाच नव्हता.

देवणी ही दुहेरी कामाची जात. गाईने दूध द्यायचे आणि बैलाने नांगर ओढायचा, यासाठी लातूर-उदगीरच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या ती घडवली. आणि त्या जातीचा उत्तम वळू कोणता ते ठरवताना दुधाचाही रकाना नाही आणि कामाचाही नाही! वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे तिचे तीन रंगप्रकार ओळखण्यात आम्ही पटाईत होतो. म्हातारीला द्यायला उत्तर मात्र आमच्याकडे नव्हते. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे. आता बदकाकडे वळू.

मजुरांच्या खोलीतले बदक

इंग्लंडात बकिंगहॅमशायर परगण्यात आयल्सबरी नावाचे गाव आहे. तिथे एक पांढरे बदक तयार झाले. पांढरी पिसे, पांढरी कातडी, फिकट गुलाबी चोच. अठराव्या शतकापासून त्याचे नाव होऊ लागले. पांढऱ्या पिसांना गाद्या-रजयांसाठी मागणी होती, आणि मांस तर लंडनच्या श्रीमंतांच्या ताटात जायचे.

हे बदक पाळायचे कोण? अंडी देणारी जनक बदके आसपासच्या शेतकऱ्यांकडे असत. अंडी विकत घ्यायची ती गावातल्या गोरगरिबांनी. या लोकांना तिथे 'डकर' म्हणत. बदक स्वतः नीट अंड्यावर बसत नसे, म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. साधारण चार आठवड्यांनी पिल्ले निघाली की ती माणसांच्याच घरात, शेगडीच्या उबेला वाढवायची. त्यांना उकडलेली अंडी, भात, पुढे जवाचे पीठ आणि चरबीचा चोथा घालायचा. स्वतःच्या लेकरांना जे मिळत नसेल ते बदकाच्या पिल्लाला! आठ आठवड्यांत, मोठी पिसे फुटायच्या आत, बदक कापून लंडनला पाठवायचे. १८३९ साली आयल्सबरीला रेल्वे आली आणि धंद्याला भरती आली.

हिशेब नीट समजून घ्या. शिकारीच्या पाखरांचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, लंडनच्या बाजारात कोवळ्या बदकाला भाव चढा असे. त्यामुळे ज्या जनक बदकाने थंडीत लवकर अंडी दिली, ज्याची अंडी फळली, ज्याचे पिल्लू आठ आठवड्यांत भरले, ते बदक चांगले. हा निकष कुणी कागदावर लिहिला नव्हता. बाजाराने आणि पोटाने तो ठरवला होता. आणि रूपसुद्धा त्या निकषातच बसत होते. पांढऱ्या पिसाचे पैसे येत होते, पांढरी कातडी ताटात स्वच्छ दिसत होती.

रूप आणि उत्पादन हे जन्माचे वैरी नाहीत, हे इथे ध्यानात ठेवा. ज्या रूपाला गिऱ्हाईक पैसे मोजते ते रूप म्हणजे उत्पादनच.

मग आले बक्षीस

१८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्या-बदकांचे मोठे प्रदर्शन भरले. बदकांचे वर्ग दोन. एक, आयल्सबरी किंवा दुसरी कोणतीही पांढरी जात. दोन, बाकी सगळी. पुढे देशभर प्रदर्शनांचे पेव फुटले. आता बदकाचे मोल लंडनच्या खाटकाऐवजी परीक्षक ठरवायला लागला.

परीक्षकाला काय हवे? आकार मोठा हवा. छातीखालचा भाग खोल हवा, नांगराच्या फाळासारखा खाली आलेला आणि जमिनीला समांतर. चोच गुलाबीच हवी. ऊन लागले की चोचीचा रंग बिघडतो, म्हणून प्रदर्शनाची बदके उन्हापासून लपवून ठेवू लागले. विचार करा! उन्हातान्हात चरणारा पक्षी, त्याला बिल्ल्यासाठी सावलीत कोंडायचे.

छाती खोल असलेल्या बदकाला बक्षीस. मग पुढच्या वर्षी त्याहून खोल. मग त्याहून. साडेचार-साडेपाच किलोचे बदक, छातीचा पदर जमिनीला घासतो आहे, चालताना धाप लागते आहे. असा नर मादीवर चढणार कसा? त्याची अंडी फळणार कशी? बक्षीस घेणारा तर श्रीमंत हौशी माणूस, त्याला अंडी किती फळली याची फिकीर नव्हती. एकाच नावाची दोन बदके झाली. एक प्रदर्शनाचे आणि एक धंद्याचे. आणि नावलौकिक सगळा प्रदर्शनाच्या बदकाला.

अशात १८७३ च्या सुमारास चीनमधून पेकिन बदक इंग्लंडात आणि अमेरिकेत पोचले. ते दिसायला आयल्सबरीइतके राजबिंडे नव्हते, पांढऱ्यात पिवळसर झाक होती. पण काटक, अंडी जास्त आणि सांभाळायला सोपे. अमेरिकेने तर ते बदक सरळ धंद्यालाच लावले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याच्या मोठाल्या वाड्या उभ्या राहिल्या. इंग्लंडातही पेकिनचा संकर सुरू झाला. दुसऱ्या परगण्यांत यंत्राने अंडी उबवून स्वस्तात बदके तयार होऊ लागली. पुढे पहिल्या महायुद्धात खाद्य महागले.

आयल्सबरीच्या डकरचे काय झाले? त्याचा धंदा बुडाला. १९६६ पर्यंत खुद्द आयल्सबरी गावात बदकांचा एकही व्यवसाय उरला नव्हता. अस्सल जात त्या परगण्यातल्या एखाद्या घराण्याने नेटाने सांभाळली म्हणून टिकली, तेवढेच.

प्रदर्शनामुळेच हे सगळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे अप्रामाणिकपणा होईल. रेल्वे सगळ्यांनाच मिळाली, यंत्र आले, युद्ध झाले, खाद्य महागले. पण संकट दाराशी आले तेव्हा त्याला तोंड द्यायची ताकद ज्या अंगात असायला हवी होती, ती ताकद बिल्ल्यापायी आधीच खर्च झाली होती. एवढे म्हणणे मात्र भाग आहे.

पेकिनची पुढची गोष्ट

जिंकलेल्या पेकिनचेही पुढे ऐका. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या लिंकनशायरात 'चेरी व्हॅली' नावाच्या कंपनीने पेकिनवर काटेकोर निवड केली. कमी दिवसांत, कमी खाद्यात जास्त वजन देणारे बदक तयार केले आणि जनक पक्षी जगभर विकले. कुठे? चीनमध्येसुद्धा! ज्या पेकिंग शहरावरून बदकाला नाव पडले, त्या देशाला आपल्याच बदकाचे जनक पक्षी परदेशी कंपनीकडून घ्यावे लागले. शेवटी २०१७ साली चिनी कंपन्यांनी ती अख्खी कंपनीच विकत घेतली. घरातून गेलेले बदक घरी परत यायला जवळपास दीडशे वर्षे लागली, आणि रग्गड पैसा लागला.

यात त्या कंपनीचा दोष काढायचे कारण नाही. तिने वही ठेवली, वजन केले, हिशेब केला. ज्याच्याकडे वही, त्याच्याकडे जात. आपल्याकडे देवणी आहे, लाल कंधारी आहे, गवळाऊ आहे, उस्मानाबादी शेळी आहे. वही कुणाकडे आहे? हात वर करा पाहू. बघा, एवढ्या मांडवात चार हात वर आले.

दोन्ही साधणारी माणसे

मग रूप आणि उत्पादन दोन्ही साधताच येत नाही काय? येते. त्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले अॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईचे. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमध्ये एका खेड्यात राहणारी ही बाई. तिच्याकडे इंडियन रनर जातीची एक मादी होती. नाव इंडियन, पण बदक मूळचे इंडोनेशियातल्या जावा, बाली, लोंबोक बेटांवरचे. या मादीने १९६ दिवसांत १८२ अंडी दिली. हे कळले कसे? बाईने मोजली म्हणून कळले! अंगाने ती बारीक होती, म्हणून तिला रूआँ जातीचा दांडगा नर लावला, पुढे रानबदकाचे रक्त घातले. १८९८ साली कॅम्पबेल बदक लोकांपुढे आले. मग बाईला वाटले, सध्या बदामी रंगाची फॅशन आहे, तो रंग आणावा. पुन्हा संकर केले. बदामी काही साधला नाही, मातकट रंग निघाला. त्या काळात लष्कराच्या गणवेशाचा रंग खाकी, म्हणून १९०१ साली बदकाचे नाव झाले खाकी कॅम्पबेल. खाकी हा शब्द आपल्याकडचाच, खाक म्हणजे धूळ. फॅशन फसली, पण अंडी टिकली, कारण बाईने आधी अंड्यांचा पाया घातला होता. पुढे नेदरलँड्समधल्या निवडक कळपांत याच जातीने वर्षाला सरासरी तीनशेच्या वर अंडी दिली.

दुसरे उदाहरण रेजिनाल्ड अॅपलयार्ड यांचे. सफोक परगण्यातले हे गृहस्थ. १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी ठरवून एक बदक घडवले. मनाशी चार गोष्टी पक्क्या केल्या. दिसायला सुंदर हवे, अंगाने मोठे हवे, मोठी पांढरी अंडी भरपूर हवीत आणि छाती लांब, रुंद, मांसल हवी. चारही गोष्टी आधीच ठरवल्या, हे महत्त्वाचे. त्यातून सिल्व्हर अॅपलयार्ड हे रुपेरी अंगाचे बदक झाले. १९६४ साली ते वारले आणि जात जवळजवळ हरवली. १९७० नंतर दुसऱ्या एका बदकपालकाने ती पुन्हा जुळवली. कशावरून? १९४७ साली एका चित्रकाराने त्या बदकांचे चित्र काढले होते, त्यातला रंग पाहून. १९८२ साली जातीचे अधिकृत वर्णन ठरले.

म्हणजे रूपाचाही उपयोग झाला. रूप ही जातीची सही असते. सही नसेल तर खरा माल आणि भेसळ ओळखायची कशी? पण नुसत्या सहीने चेक वटत नाही, खात्यात पैसे लागतात.

गणित सोपे आहे

आता थोडे गणित. घाबरू नका, पाढे येणाऱ्याला जमेल.

समजा तुमच्याकडे चाळीस पक्षी आहेत. एकच अट घातली, चांगली अंडी. चाळीसमधून उत्तम दहा ठेवता येतील. आता पाच अटी घाला. अंडी, वजन, रंग, चोच, चाल. प्रत्येक अटीत निम्मे पास होतात असे धरा. चाळीसाचे वीस, विसाचे दहा, दहाचे पाच, पाचाचे अडीच, अडीचाचा सव्वा. उरला एक पक्षी! आणि तो कुठल्याच गोष्टीत पहिला नाही, सगळ्यात काठावर पास. शिवाय एका पक्ष्यावर वंश चालवायचा म्हणजे सख्ख्यांचे सख्ख्यांत. दोन-चार पिढ्यांत पिल्ले मरतुकडी होतात.

दुसरी गोष्ट. पिसांचा रंग थोड्या जनुकांचा खेळ आहे. नीट निवड केली तर दोन-तीन पिढ्यांत तो बराचसा जागेवर आणता येतो. अंडी, दूध, वाढ, जगण्याची चिवटाई यांच्यामागे मात्र अनेक गुण एकत्र असतात, त्यात खुराक आणि हवामान मिसळलेले असते. ते गेले की परत आणायला फार वर्षे लागतात. म्हणून क्रम असा लावायचा. आधी चिवटपणा आणि पाय. मग उत्पादन. आणि त्यातून जे उरतील त्यांच्यात रूप. आयल्सबरीच्या हौशी लोकांनी हा क्रम उलटा लावला.

तिसरी गोष्ट. नर अंडी घालत नाही आणि वळू दूध देत नाही. मग नर निवडायचा कसा? त्याच्या मायबहिणींवरून. जत्रेतल्या त्या म्हातारीचा प्रश्न म्हणजे पशुपैदास शास्त्राचा पहिला धडा होता. तिच्याकडे पदवी नव्हती आणि आमच्याकडे होती, हाच काय तो फरक.

कणसाचे प्रदर्शन

हे जनावरांपुरतेच आहे असे समजू नका. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मक्याच्या कणसांची प्रदर्शने भरत. दाण्यांच्या रांगा सरळ, कणीस दोन्ही टोकांना भरलेले, आकार एकसारखा, असे गुण देत. होल्डन नावाचे प्राध्यापक यातले मोठे जाणकार. आयोवा राज्यातल्या हेन्री वॉलेस नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने १९०४ साली शंका काढली. त्याने प्रदर्शनातली देखणी आणि साधी अशी दोन्ही प्रकारची कणसे घेतली, प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत पेरले आणि पीक मोजले. सगळ्यात देखणी ठरलेली कणसे उत्पादनात खालच्या रांगेत निघाली! हाच पोरगा पुढे संकरित मक्याच्या बियाण्याच्या धंद्यात उतरला, अमेरिकेचा शेतीमंत्री झाला आणि नंतर उपराष्ट्राध्यक्षही झाला.

आता आपल्या ज्वारीकडे या. १९३० नंतरच्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून ३५-१ हा वाण निवडला गेला. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. उताऱ्याने पोती भरली, हे खरे. पण खरिपात कणसावर पाऊस पडला की दाणा काळा पडे आणि व्यापारी नाक मुरडे. रब्बीत मात्र शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही. शास्त्रज्ञ म्हणत, शेतकरी अडाणी आहे. शेतकरी अडाणी नव्हता. त्याचा तक्ता मोठा होता. मोत्यासारखा टपोरा चमकदार दाणा, म्हणजे भाव. भाकरीची चव. आणि कडबा, म्हणजे बैलाचे पोट. दाणा, भाकरी, कडबा असे तीन रकाने त्याच्या डोक्यात होते, आणि सरकारी तक्त्यात ठळक रकाना एकच होता, हेक्टरी क्विंटल.

म्हणजे दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. आयल्सबरीत रूप पाहिले आणि उत्पादन विसरले. संकरित ज्वारीत उतारा पाहिला आणि दाण्याचे रूप विसरले. दोन्हीकडे कारण एकच होते. निकष ठरवणारा वेगळा आणि त्याची किंमत मोजणारा वेगळा.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पाळणाऱ्यांसाठी वनराजा कोंबडी काढली, तेव्हा ही चूक टाळली. पांढरी कोंबडी खेड्यात घारीला लांबून दिसते, आणि गिऱ्हाईकही रंगीत, गावरान दिसणाऱ्या कोंबडीला जादा पैसे देते. म्हणून रंगीत पिसे मुद्दाम ठेवली. तिथे रंग हौसेचा नव्हता. त्याच्यामागे हिशेब होता.

कपाशीत तर हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, उजेडात धरतो, धागा ओढून लांबी पाहतो. पांढरा स्वच्छ कापूस आणि कवडीचा कापूस एकाच गाठोड्यात भरला की सगळ्याला कवडीचा भाव. कापसाच्या रूपाला बाजार पैसे मोजतो. तेव्हा ते रूप वेचणीपासून सांभाळा, दोन झोळ्या वेगळ्या ठेवा.

आपण काय करायचे

भाषण ऐकून घरी जायचे आणि विसरायचे, असे करू नका. तीन कामे सांगतो. एकालाही अनुदान लागत नाही.

पहिले काम शेळीचे. आपल्याकडे काय होते? बकरी ईद जवळ आली की व्यापारी येतो. कळपातले सगळ्यात भरलेले, सगळ्यात देखणे बोकड कोणते, ते तो बोटाने दाखवतो. चांगला भाव मिळतो, आपण विकतो. मागे काय उरते? जे भरले नाही ते. तेच मग कळपात फिरते आणि पुढच्या सगळ्या करडांचा बाप होते. दरवर्षी उत्तम बी खाटकाला आणि उरलेसुरले वंशाला! ही निवडच आहे, पण उलटी. भाव घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. अडचण असते, पोरीची फी भरायची असते. पण गावातल्या चार-पाच घरांनी मिळून एक उत्तम बोकड राखावा. तो जुळ्यातला असावा, त्याच्या मायने दोन-तीन वेतांत जुळी देऊन ती जगवलेली असावीत, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात त्याचे वजन कळपात वरचे असावे. ज्याने तो राखला त्याला बाकीच्यांनी त्याच्या ईदच्या भावातला वाटा द्यावा. दोन वर्षांनी हा बोकड शेजारच्या गावाशी बदलावा, म्हणजे बाप-लेकीचा संबंध येणार नाही. आणि हे सगळे जमल्यावर दोन सारख्यांतून निवडायची वेळ आली, तर खुशाल चमकदार काळा, रुबाबदार असेल तो ठेवा. ईदच्या बाजारात रुबाबाचे पैसे येतात.

दुसरे काम ज्वारीचे. मालदांडीसारखे सरळ वाण ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी. संकरित ज्वारीचे किंवा संकरित कपाशीचे बी राखू नका, ते पुढच्या पिढीत फाटते. सरळ वाणाचे बी खळ्यावरच्या ढिगातून निवडू नका. ढिगातले दांडगे कणीस कदाचित बांधाकडेचे असेल, शेजारी ताट नसल्याने ऐसपैस वाढलेले. त्याची ताकद जागेची होती, बियाची नव्हती. उभ्या पिकात जा. वावराचे दहा बाय दहा पावलांचे चौकोन मनात पाडा आणि प्रत्येक चौकोनातले, चहूबाजूंनी ताटे असताना चांगले भरलेले कणीस हेरा. ताट लोळलेले नसावे, खडखड्या नसावा, खोडमाशीने पोंगा मेलेला नसावा, पाने शेवटपर्यंत हिरवी असावीत. त्याला चिंधी बांधा. कापणीच्या वेळी चिंधीची कणसे वेगळी काढा आणि मग त्यातून दाण्याचे रूप पाहून छाटणी करा. आधी ताटाची परीक्षा, मग दाण्याची. हलक्या रानातल्या आणि भारी रानातल्या कणसांची तुलना करायची नाही, चौकोन पाडायचे ते त्यासाठीच.

तिसरे काम जत्रेचे. जनावरांची प्रदर्शने बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. जत्रेत आपले जनावर सजवून उभे करण्यात जो अभिमान आहे तो आपल्याजवळ उरलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे. तो कुणी हिरावून घेऊ नये. पण जत्रेच्या पंचांना सांगा, तक्त्यात आणखी चार रकाने घाला. मायचे दूध किती. दोन वेतांत अंतर किती. बैल असेल तर एका दिवसात नांगरट किती. आणि हा वळू लावलेल्या गाईंपैकी गाभण किती राहिल्या. मालकाने वही दाखवली तर गुण, नाही दाखवली तर शून्य. दोन वर्षे आरडाओरडा होईल. तिसऱ्या वर्षी सगळ्यांकडे वह्या दिसतील.

आम्ही विद्यापीठात शिकलो ते वाईट नव्हते. पण निकष कुणी ठरवायचा हा प्रश्न तिथे कुणी विचारायला शिकवले नाही. आयल्सबरीच्या डकरने तो प्रश्न विचारला नाही. लंडनच्या हौशी लोकांनी परस्पर उत्तर दिले, आणि किंमत डकरने मोजली. जो वैरण घालतो, रात्री उठून गाभण गाईला पाहतो, विम्याशिवाय आणि हमीशिवाय जोखीम घेतो, त्याचा तक्ता त्यानेच लिहायचा.

मांडवाच्या दाराशी आमचे कार्यकर्ते एक कोरा तक्ता वाटत आहेत. मायबहिणींनी तो आधी घ्यावा, कारण शेळ्या-गाईंचे खरे हिशेब त्यांच्याच डोक्यात असतात. वर तारीख, जनावराचे नाव, आणि त्यानंतर पहिलाच रकाना आम्ही छापला आहे तो असा: "याची माय किती दूध देत होती?"

पुढच्या मेळाव्याला येताना तो भरून आणा.